लाईट नसतानाचा हात

मासेमारीची बंदी लागली की आमच्या वाडीत माणसं जास्त दिसायला लागतात. एरवी पहाटे दर्यात आणि दुपारी घोरत असणारे पुरुष अचानक दिवसभर घरात, ओट्यावर, वाटेत, जिथे पाय टाकाल तिथे. होड्या वाळूवरून ओढून माडांखाली आणलेल्या असतात, त्यांच्यावर झापांची छपरं. झाप म्हणजे माडाच्या झावळ्यांची विणलेली चटई. दोनचार मोठ्या सरी खाल्ल्या की तिला कुबट, गोडसर वास सुटतो. त्यात इंजिनाच्या डिझेलचा आणि पडवीत टांगलेल्या सुक्या बांगड्यांचा वास मिसळला की समजावं, आता नारळी पौर्णिमेपर्यंत इथलं काही हलत नाही.

परवा शाळेतून येताना वाटेत तोच वास आला आणि मी उगीचच आमच्या होडीभोवती एक फेरी मारली. झाप नीट बांधलेत का, कोणी उचकटलेत का. कोण कशाला उचकटेल? पण तीन वर्षांपूर्वीच्या बंदीपासून मला ही खोड लागली आहे. त्या पावसाळ्यात आमच्या घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघत होतं, आणि कारण काय, तर वरून विटा पडण्याचा एक खेळ.

मी मुळातच संशयी. रेडिओवरचं हवामान, काजू मोजताना काट्याजवळ रेंगाळणारं व्यापाऱ्याचं बोट, ‘उद्या नक्की’ म्हणणारा गवंडी, कशावरही माझा पटकन विश्वास बसत नाही. शाळेत गणित शिकवते तिथेही बरोबर उत्तर आलं की आधी शेजारच्या मुलाची वही बघते. आई म्हणते, “ह्या चेडवान जल्माक येताना आदी एक डोळो उघडून बगलेला आसतला, सुईण खंयची ती.” आईला हा दोष वाटतो. मला वाटतं, दर्यावर पोट असलेल्या घरात एकजण तरी असा असावा.

खेळाचं ते यंत्र आमच्याकडे आलं अठ्ठ्याण्णव साली. मामा तेव्हा बोटीवर होता. आमच्या होडीसारख्या नव्हे, परदेशी मालवाहू जहाजावर. त्याने सिंगापूरहून माझ्या धाकट्या भावासाठी, नितीनसाठी, ते आणलं. राखाडी, साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, पोटात चार पेन्सिल सेल आणि पाठीत कॅसेट खुपसायला खाच. कॅसेट एकच मिळाली होती. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या पडता पडता फिरवायच्या, सरकवायच्या आणि खाली ओळ भरायची. ओळ भरली की नाहीशी होते. आईने चुलीजवळून मान वळवून बघितलं आणि म्हणाली, “भरला की नायसा होता, ह्यो कसलो खेळ गो? आमच्या तांदळाच्या डब्यासारखो.”

नितीनने दोन वर्षं ते डबडं कानाला लावल्यासारखं जवळ बाळगलं. मग दहावी आली, कॉलेज आलं, आणि ते कपाटात गेलं. पुढे डिप्लोमा संपवून नोकरीची वाट बघत तो घरी आला, तेव्हा त्याच्या काखेत कोणाकडून तरी घेतलेला जुना लॅपटॉप होता. पहिल्याच दिवशी त्याने मला त्याच्यावर विटांचा खेळ लावून दाखवला. “बग ताई, तोच खेळ.”

‘तोच खेळ’ हे नितीनचे शब्द. मला तेव्हाही पटले नव्हते. मी विचारलं, कॅसेट कुठे आहे? तो हसला. लॅपटॉपमध्ये म्हणे एक प्रोग्रॅम असतो, एम्युलेटर. तो त्या छोट्या यंत्राचं सोंग घेतो. खेळाला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत आणि तो निमूट चालायला लागतो. म्हणजे दशावतार, मी म्हटलं. दशावतारात राणी झालेला माणूस किती गोड लाजतो, पदर सावरतो. आणि पडद्यामागे जाऊन बघावं तर पाय पसरून विडी ओढत बसलेला असतो. लोकांसमोर तो अगदी खराखुरा राणी असतो, हे मला मान्य आहे. पण मी पडद्यामागे जाऊन बघणाऱ्यांतली.

त्याच वर्षी शिमगा झाला आणि बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पक्षाघाताला आमच्याकडे असंच म्हणतात. उजवी बाजू गेली. बाबा होडीचे मालक आणि तांडेलही. तांडेल म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा आणि ज्याच्या हातात सुकाणू. पाय हळूहळू सावरला, जीभ सावरली, हात मात्र मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, सुधारणा होईल, पण किती ते सांगता येत नाही. बाबांनी त्यातलं पहिलं अर्धं वाक्य घेतलं. त्यांचं म्हणणं, वारा आहे. “गेलो तसो परत येतलो. माका वाऱ्याचा शिकवतास?” वाऱ्याच्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा, त्यामुळे त्यांना समजावणार कोण?

आता या शब्दात किती फसवणूक आहे बघा. पक्षाघात म्हटलं असतं तर बाबांनी कदाचित हाताची आशा सोडली असती. पण वारं म्हटल्यावर ते रोज उठून वाट बघायला मोकळे. समुद्राकाठच्या माणसाला वाऱ्याच्या भाषेत आजार सांगू नये, असं मला तेव्हापासून वाटतं.

डॉक्टरांनी बोटं सतत हलती ठेवायला सांगितली होती. तांदूळ निवडा, रबरी चेंडू दाबा. तांदूळ निवडणं बाबांना बायकी वाटलं आणि चेंडू त्यांनी सुकट पळवणाऱ्या कावळ्याला मारला, डाव्या हाताने. मग नितीनने कपाटातलं राखाडी डबडं काढलं, सेल घातले आणि बाबांच्या हातात दिलं. उजव्या अंगठ्याने वीट फिरवायची, एवढंच काम. पण जन्मभर दोर ओढून जाड झालेली बोटं त्या इवल्याशा बटणांवर घसरायची. अंगठा बटण दाबेपर्यंत वीट खाली जाऊन आडवी बसलेली असायची. डाव सुरू होता होता संपायचा. बाबा चिडायचे. “ह्या डबड्यात माजी बोटा मावत नाय. ह्या बारक्या पोरांचा काम.”

खरं सांगायचं तर यात तथ्य होतं. हातात मावणारी वस्तू कोणाच्या हातात मावते, हे ती बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. ते डबडं शाळेतल्या पोराच्या खिशासाठी केलेलं. लॅपटॉपच्या बटणांना तरी बाबांच्या बोटांसाठी जागा होती, पडदा मोठा आणि उजळ होता, कुठल्या बटणाने वीट फिरवायची तेही नितीनने बाबांना हवं तसं लावून दिलं. बाबा लॅपटॉपवर खेळायला लागले आणि डबडं खिडकीत पडलं. एवढ्या सोयीच्या गोष्टीकडे मी जरा बिचकूनच बघते.

त्या दिवसांत दिवेलागणीला रोज लाईट जायची. भारनियमन म्हणायचे पेपरात. आमच्याकडे ‘गेली’ एवढंच. आई देवाजवळ दिवा लावायची, तुळशीकडे ठेवायची आणि मग दुसरं काही करता येत नाही म्हणून बाबांच्या हाताला निगडीच्या पाल्याचं तेल चोळत बसायची. तेल चोळून झालं की बाबा लॅपटॉप उघडायचे. दिवेलागणीला घरात ट्यांव ट्यांव नको, हा आईचा नियम जुना. टीव्ही सुद्धा त्या वेळी बंदच असायचा. त्यामुळे खेळाचा आवाज बंद. बाहेर पाऊस, आत कंदील, पडद्याच्या निळ्या उजेडात बाबांचा चेहरा, आणि वरून मुक्याने पडणाऱ्या विटा.

आणि काय सांगावं, त्या वेळी बाबांचा हात चालायचा. ओळीमागून ओळ भरायची, नाहीशी व्हायची. बाबा वीट फिरवायचे, सरकवायचे, थोडं थांबून नेमकी जागेवर बसवायचे आणि मान हलवून हसायचे. शिमग्यानंतर पहिल्यांदाच हसत होते. दुपारी लाईट असताना खेळले की मात्र त्याच लॅपटॉपवर पुन्हा फजिती. घरात प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं.

“तेलाचो गुण,” आई म्हणायची. “दुपारी तेल खंय लावतत?”

“लाईट नसली की चित्त लागता,” बाबा म्हणायचे. “हात आपसूक चलता.”

“प्रॅक्टिस,” नितीन म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा.

मला यातलं एकही पटत नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात येतं कुठून? जो हात दुपारी वीट फिरवू शकत नाही, तो संध्याकाळी कुठल्या विहिरीतून चपळाई उपसून आणतो? वह्या तपासायचं निमित्त करून मी बाबांच्या बाजूला बसायला लागले. आधी वाटलं, अंधारात डावा हात मदतीला येत असेल. नाही, डावा हात मांडीवर होता. मग वाटलं, नितीन काहीतरी करतो. नितीन पडवीत मोबाईलवर बोलत होता. एकदा पावसाळी पाखरं घरात शिरली, पंखवाली, आणि उजेडाच्या ओढीने पडद्यावर येऊन बसायला लागली. बाबांनी उजव्या हाताने एक झटकायला हात उचलला. हात पडद्याशी पोचेपर्यंत पाखरू उडून दुसरीकडे बसलं होतं. बाबांनी परत हात उचलला, परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी फुंकर मारली. आणि त्याच वेळी त्याच हाताने पुढची वीट अलगद जागेवर बसवली. माझी वहीवरची लाल रेघ तिथेच थांबली.

हे सगळं इतकं का बघत होते मी? कारण खेळ आता खेळ राहिला नव्हता. एका सकाळी गुणाजी आला. गुणाजी आमच्या होडीवर माझ्या लहानपणापासून आहे, बाबांच्या खालोखाल त्याचाच अनुभव. बाबा आत होते म्हणून तो माझ्याशी पडवीतच हळू आवाजात बोलला.

“बाय, बाबा म्हणतत पुनवेनंतर तेच सुकाणार बसतले. हात बरो झालो म्हणतत. खरा काय गो?”

“तू काय बोललंस?”

“मी काय बोलतलंय? तांडेल ते.”

आमच्याकडे खाडी दर्याला मिळते तिथे खाली वाळूचा उंचवटा आहे आणि त्यावर लाट फुटते. होडी आत घ्यायची किंवा बाहेर काढायची तर सुकाणू लाटेच्या आधी वळवावं लागतं. लाट आल्यावर वळवलं तर होडी आडवी होते आणि मग कोणाचं काही चालत नाही. बाबांसकट चार माणसं त्या होडीवर जायची. बाबांना सगळ्या वाडीत तांडेल म्हणून मान होता तो याच जागेसाठी. आणि आता तीन माणसांना घेऊन तिथे जायचं, हे ते ठरवत होते विटांच्या खेळावरून.

एका संध्याकाळी मात्र लाईट गेलीच नाही. कोणी मंत्री तालुक्याला यायचे होते, म्हणून आमचं नशीब उजळलं. शेजारी पाहुणे आले म्हणून आई उठून गेली आणि तेल राहिलं. बाबांनी लॅपटॉप उघडला आणि विटा धबाधब कोसळल्या. दुसरा डाव, तिसरा डाव, तेच. आई आल्याबरोबर म्हणाली, “आज तेल लावक नाय मा, म्हणान.” बाबांनी मान डोलावली. मी नाही डोलावली. तेलही नव्हतं आणि अंधारही नव्हता, हे खरं. पण आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी वेगळी होती. लॅपटॉपची वायर भिंतीत होती.

दुसऱ्या दिवशी बाबा गुणाजीबरोबर होडीचे झाप बघायला गेल्यावर मी राखाडी डबडं आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ओट्यावर मांडले. दोन्हींवर आवाज लावला आणि डाव एकदम सुरू केले. वायर भिंतीत होती तोवर दोन्ही गाणी एकमेकांना धरून चालली. मग मी वायर उपटली. थोड्याच वेळात लॅपटॉपचं गाणं मागे पडलं. सर्दी झालेल्या माणसासारखं ओढत, अडखळत चाललं, आणि विटा तशाच, सावकाश, अदबीने खाली उतरत होत्या. डबड्यातल्या विटा मात्र आपल्या नेहमीच्या चालीने पडून मोकळ्या झाल्या होत्या. दिवेलागणीला आवाज बंद नसता तर हे पहिल्याच दिवशी एखाद्या पोरालाही कळलं असतं. आईच्या नियमाने गाण्याचं तोंड बंद केलं होतं, म्हणून आम्ही सगळे फसलो.

सगळे नव्हे. नितीनला बोलावून मी दोन्ही यंत्रं दाखवली.

“बॅटरीर चलता तेवा लॅपटॉप आपणच हळू होता,” तो म्हणाला. “बॅटरी वाचवूक. जुनो आसा ना.”

“आणि तुका म्हायत होता?”

“होता.”

“कदीपासून?”

“पयल्या आठवड्यापासून.”

“मगे बोललंस कित्याक नाय?”

तो वायरचं टोक हातात फिरवत राहिला. “बाबा हसले ते, ताई. मी काय बोलतलंय?”

मला त्याचा राग आला. पण रागावताना माझ्या लक्षात आलं की त्या उन्हाळ्यापासून आमचं सगळं घरच बॅटरीवर चाललं होतं. आई बाबांच्या ताटातल्या माशाचे काटे आधीच काढून ठेवायची आणि बाबांना वाटायचं मासाच बिनकाट्याचा. गुणाजी पत्त्यांत हरायचा, तो गुणाजी, जो आयुष्यात कधी कोणाला एक हात सोडत नाही. शेजारी यायचे आणि म्हणायचे, आता चेहरा बरा दिसता. मी स्वतः बाबांशी एकेक शब्द सुटा करून बोलायचे, जसं वर्गात मागच्या बाकाशी बोलतात. सगळ्यांनी आपापल्या परीने जग हळू करून बाबांसमोर ठेवलं होतं. लॅपटॉपने तेच केलं, आणि त्याला तर कोणाची माया नव्हती, त्याला फक्त बॅटरी वाचवायची होती. म्हणूनच मला त्याचा जास्त संशय येतो. माणूस मायेने खोटं बोलला तर त्याचा चेहरा तरी वाचता येतो.

ते डबडं आजही चालतं. मध्ये एकदा मी मुद्दाम त्यात अर्धे मेलेले सेल घातले. चित्र पुसट होत गेलं, शेवटी दिसेनासं झालं, पण दिसत होतं तोवर विटा हळू पडल्या नाहीत. सेल संपायला आलेत म्हणून ते कोणावर दया करत नाही. बंद पडेल, पण बदलणार नाही. नितीन आता पुण्यात असतो. त्याचा नवा लॅपटॉप कितीतरी वेगवान, आणि तो म्हणतो, आता मूळ यंत्र ठेवण्यात काही अर्थ नाही, एका लॅपटॉपमध्ये अशी शंभर डबडी मावतात, हवं तिथे डाव थांबवता येतो, हरलो तर मागे जाऊन परत सुरू करता येतो. सगळं खरं असेल. मागे जाऊन परत सुरू करता येणाऱ्या खेळाने बाबांच्या हाताचं माप कोणी काढलं असतं तर काय झालं असतं, याचा मी विचारही करत नाही.

तर त्या पावसाळ्यात मी बाबांना सांगायचं ठरवलं. नितीन नको म्हणाला. आईला मी विचारलंच नाही, कारण उत्तर माहीत होतं. दुपारी लाईट होती, बाबा ओट्यावर बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

“बाबा, एकदा वायर लावून खेळा, आणि एकदा वायर काढून. माज्यासाठी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला लहानपणी आकाश बघायला शिकवलं होतं, तेव्हा ते आधी माझा चेहरा असाच बघायचे, मला काय दिसतंय ते ओळखायला. मग ते खेळले. वायर होती तोवर विटा कोसळल्या. मी वायर काढली. ते परत खेळले, आणि या वेळी मी आवाज बंद केला नव्हता. ओढत, अडखळत गाणं चाललं आणि बाबांच्या ओळी भरत गेल्या. वाडीतल्या भजनात त्यांनी वर्षानुवर्षं टाळ धरला आहे, लय ओढली की त्यांना आधी कळतं. डाव अर्ध्यात होता, हात छान चालत होता, तरी त्यांनी बोटं उचलली. उरलेल्या विटा आपल्या आपण पडून ढीग झाला.

“समाजला,” बाबा म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

त्यानंतर बाबा परत खेळले नाहीत. होडीवर जायचं की नाही, याचा एक शब्द नाही. गुणाजी येऊन इंजिनाचं काहीबाही सांगायचा, बाबा ऐकून घ्यायचे. रंग मागवला, दोर तपासले, सगळं दरवर्षीसारखं. त्यांनी नुसतं समजून घेतलं होतं, ऐकलं होतं की नाही कोण जाणे. हट्टाने ते जाऊन सुकाणूवर बसले असते तर त्यांना उठवणारा आमच्या वाडीत कोणी नव्हता. गुणाजीची तर छातीच झाली नसती.

आई माझ्यावर धुमसत होती. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, “तुका काय मेळला गो ता सांगून? हसत होतो तो माणूस.”

“आई, होडयेर चार माणसा आसत.”

“माका मोजूक येता,” आई म्हणाली आणि कढईवर राखेचा हात जोरात फिरवला.

मलाही प्रश्न पडायचा. बाबांसाठी सांगितलं, की माझा संशय खरा ठरला म्हणून सांगितलं? माझ्यासारखीने स्वतःवर विश्वास ठेवायचा तो तरी किती?

नारळी पौर्णिमेला वाडीने दर्याला नारळ सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात ढकलायची होती. त्याआधी गाऱ्हाणं घालतात. तांडेल हात जोडून देवाला सगळं सांगतो, मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाण्यात नाही म्हणता येत नाही. देवापुढे जे सांगितलं गेलं ते सगळ्यांनी मानलं, असा त्याचा अर्थ. नितीनने बाबांना हाताला धरून वाळूवर नेलं. होडीसमोर उभे राहून बाबांनी हात जोडले, डावा सरळ, उजवा त्याच्यावर जरा तिरपा.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे हात जोडून उभी आसत, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेंच्या होडयेक, तेंच्या जाळ्याक बरकत दी, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

बाबा थांबले. मी आणि आई जरा मागे माडाखाली उभ्या होतो. आईने माझं मनगट धरलं होतं, कधी धरलं ते मला कळलं नव्हतं.

“माजो हात हळू झालो हा, ता तुका म्हायत आसा. तुज्यापासून काय लपान रवत नाय. आजपासून ह्या होडयेचा सुकाणू मी गुणाजीच्या हातात दितंय. तेका आणि तेच्यावांगडा जातत तेंका सांबाळून परत घराक हाड, रे म्हाराजा.”

गुणाजीने बाबांकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. घरात बसवून हेच सांगितलं असतं तर त्याने शंभर वेळा नाही म्हटलं असतं, कानाला हात लावले असते, पाय धरले असते. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अशी जागा निवडली जिथे एकच उत्तर चालतं.

“व्हय म्हाराजा,” गुणाजी म्हणाला. मग बाकीचे म्हणाले. माझ्या बाजूने आईचा आवाज आला, बायका एरवी म्हणत नाहीत तरी.

होडी गेली. खाडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. लाट उठताना दिसली. माझ्या शेजारी बाबांचा उजवा हात आपोआप वर आला आणि हवेतल्या हवेत वळला. होडी त्या हाताच्या आधी वळली होती आणि लाटेच्या पलीकडे गेली होती. बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग तो डाव्या हाताने खाली घेतला आणि म्हणाले, “बरो वळयलान.”

त्या संध्याकाळी चार वाजल्यापासूनच आई दारात उभी होती. गुणाजी बांगडे घेऊन आला, बाबांच्या पाया पडला, गेला. लाईट अजून होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बाबा लॅपटॉप उघडून बसले होते, कितीतरी दिवसांनी. त्यांनी वाकून भिंतीतली वायर धरली आणि स्वतःच्या हाताने उपटली. मी बघतच राहिले.

“बगतस काय?” पडद्यावरची नजर न काढता बाबा म्हणाले. “हळू आसा ता बरा. ह्या खेळात कोण बुडाचो नाय.”